उरलेल्या पेशी

माझं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे, तिथे मी डोळे तपासतो. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची, खिडकीला काळा पडदा. शाळेतून आली की आमची मुलगी त्या खुर्चीत बसून स्वतःभोवती गरगर फिरायची. साखरेच्या डब्यापाशी सारखी सापडते म्हणून लहानपणी तिला मुंगी म्हणायला लागलो, आणि तेच नाव राहिलं.

नववं वर्ष लागलं तशी मुंगी चालताना अडखळायला लागली. आधी आम्ही तिलाच दटावलं. "खाली बघून चाल, वर काय टांगलंय?" मग हातातला कप सुटायला लागला, मग जीभ जड झाली. माझी बायको मुलांना पोहायला शिकवते. पाण्यात मुंगी तिलाही मागे टाकायची. तीच मुंगी आता तलावाच्या काठी खुर्चीत बसून इतर पोरांचे टॉवेल सांभाळू लागली. तपासण्या झाल्या. तोल सांभाळणारा लहान मेंदू आक्रसत चाललाय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कारण कळत नाही, औषध नाही.

स्टेम सेलचं त्यांनीच सुचवलं. बाई गोड बोलून फसवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"हा प्रयोग आहे. गुण येईलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि पाठीच्या कण्यातून परत सोडायच्या. अर्ध्या आत्ता, अर्ध्या काही महिन्यांनी. तोवर उरलेल्या गोठवून ठेवतात."

"दुसऱ्या कुणाचं काही नाही ना त्यात?" बायकोने विचारलं.

"तिच्याच पेशी, तिलाच."

लॅब हॉस्पिटलच्या तळघरात होती. तिथल्या ताईंनी काचेपलीकडून आम्हाला टाकी दाखवली. दुधाच्या मोठ्या कॅनसारखी, वर जाडजूड झाकण. ते उघडलं की पांढरी वाफ काठावरून खाली ओघळायची. ताई मोठ्या बोलक्या. मुंगीला म्हणाल्या, "तुझ्यासाठी आत फ्लॅट बुक केलाय. फक्त गरम पाणी येत नाही." मुंगी खुदकन हसली. किती दिवसांनी तिचं हसणं ऐकत होतो.

पहिलं इंजेक्शन झालं आणि हळूहळू फरक दिसू लागला. कप धरता यायला लागला. खुर्चीतून उठून, भिंतीला हात लावत, ती खिडकीपर्यंत जायची. बायको देव पावल्यासारखी दिसेल त्याला हे सांगत सुटली. मी मात्र मनाला लगाम घालून होतो.

एकदा दुपारी जेवत होतो. टेबलावर उन्हाचा पट्टा पडला होता. मुंगीने अचानक डोळे गच्च मिटले.

"बाबा, लाईट बंद कर ना."

"लाईट कुठे लावलाय? ऊन आहे ते."

"ऊन नाही. वरचा. त्यांनी झाकण उघडलंय."

तिच्या दंडावर सरसरून काटा आला. मग डोळे उघडून म्हणाली, "लावलं," आणि पाणी मागितलं.

पोरं काहीबाही बोलतात. टाकी आम्हीच तिला दाखवली होती, तेच डोक्यात बसलं असणार. मी बायकोला तसं म्हटलं. ती नुसतं "हं" म्हणाली.

पण ते थांबलं नाही. कधी दात घासताना, कधी गणितं सोडवताना ती मध्येच सांगायची, तिथे खूप अंधार आहे, कूस बदलायला जागा नाही. भीती वाटते का विचारलं तर म्हणायची, "भीती नाही, गार वाटतं." हवा सांगावी तशी सांगायची.

शेवटी मी तिला मागच्या खोलीत घेऊन बसलो. बॅटरी तिच्या डोळ्यावर धरली. उजेड पडला की बाहुली आकसते, कुणाचीही. मुंगीच्या बाहुल्या तशाच राहिल्या. मोठ्या, काळ्याभोर, मिट्ट अंधारात असतात तशा. मी बायकोला हाक मारून तिच्या डोळ्यावर बॅटरी मारली. तिच्या बाहुल्या लगेच आकसल्या.

मी बॅटरी बंद केली, पडदा ओढला. डोळे तपासायच्या मशीनच्या लाल दिव्याचा तेवढा मंद उजेड उरला. भिंगातून मी मुंगीच्या डोळ्यात बघत राहिलो.

त्या अंधारात तिच्या दोन्ही बाहुल्या एकदम आकसल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या.

"उघडलं," मुंगी म्हणाली.

मी तिथूनच लॅबला फोन लावला. "ताई, आत्ता टाकी उघडली होती का?"

"हो, नायट्रोजन भरायचा होता. अजून उघडीच आहे. का हो?"

"सहज."

त्यांनी फोन ठेवला नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुंगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

मी डॉक्टरीणबाईंना बाहुल्यांचं सांगितलं, फोनचं सांगायला जीभ रेटेना. त्यांनी डोळे तपासले, तेव्हा सगळं नीट होतं. त्या म्हणाल्या, आत्ता थांबलात तर कमावलंय तेही जाईल. माझं मन मात्र दुसऱ्या इंजेक्शनला धजत नव्हतं. घरी आल्यावर बायकोला तसं सांगितलं.

"मग उरलेल्यांचं काय करतील?" तिने विचारलं.

"टाकून देतील. पेशी आहेत त्या."

"नुसत्या पेशी, तर लॅबला फोन कशाला केलास?"

मी वाकून बूट काढायला लागलो.

"आपलीच आहे ती," बायको म्हणाली. "तिला तिथे थंडीत ठेवून मला घास गिळवत नाही. तिला घरी आणायचं."

दुसरं इंजेक्शन झालं. मुंगी दोन दिवस झोपून होती. उठली ती सरळ पायावर उभी राहिली. शब्द स्वच्छ. बाहुल्या उजेडात आकसायच्या, अंधारात पसरायच्या, अगदी पुस्तकात लिहिल्यासारख्या. गाऱ्हाणं कसलंच नाही. बायकोने तिला पुन्हा पाण्यात उतरवलं, तेव्हा मी काठावर उभा राहून पोरांच्या देखत रडलो.

त्यानंतरच्या एका सकाळी ती पोहायला निघाली होती. पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. बोटं सराईत चालत होती.

"आता गार नाही ना वाटत?" मी विचारलं.

"मला? नाही."

"मग कुणाला?"

"तिला. रडतेय ती." तिने दुसरा बूट ओढला. "सवय नाही ना तिला. मला झाली होती."

"ती म्हणजे कोण?"

"तुमची मुंगी."

दारात बायको उभी होती, खांद्यावर टॉवेल. तिने ऐकलं होतं.

"आई, चल ना, उशीर होतोय," म्हणत मुलगी जिना उतरून गेली. कठड्याला हातही न लावता.

बायको हलली नाही. खाली ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ती म्हणाली, "ते झाकण थोडं उघडं ठेवतील का, विचार ना."

मी फोन लावला. ताईंनीच उचलला. मी विचारलं, आमच्या मुलीचं तिथे काही उरलंय का.

"नाही. सगळं दिलं तिला. टाकीत दुसऱ्या कुणाचं नव्हतंच, ती आता रिकामी आहे, बंदच केलीय."

पुढचं कसं विचारावं कळेना.

मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशीही तुम्ही टाकी उघडल्याचंच विचारलं होतंत. झाकण मी उघडंच ठेवते आता. घरी जाताना लाईटही चालू ठेवते."