हस्तांक सात

जुनी गाडी घेताना चाकाला लाथ मारून बघायचे दिवस कधीच संपले होते. आता गाडी मूल्यांकन केंद्रात न्यायची, तिच्या लोखंडाकडूनच तिचा इतिहास वदवून घ्यायचा आणि मग भाव ठरवायचा. मुक्ता शिंत्रे कोल्हापूरच्या केंद्रात त्याच कामाला आली होती. तिचा डब्यांचा धंदा वाढला होता, स्कूटरवर भागत नव्हतं आणि चौगुले सरांची पांढरी गाडी तिला पाहताक्षणी आवडली होती.

सर निवृत्त गणित शिक्षक. गाडीची फाइल त्यांनी प्रगतिपुस्तकासारखी जपलेली.

"नऊ वर्षं एकच हात, ताई. दर सहा महिन्यांनी याच केंद्रात तपासणी, एकदासुद्धा चुकवली नाही. आणि हा बघा हस्तांक! सुरुवातीला एक होता. मग दोन, तीन, करत करत आता सात! आमचे शेजारी मगदूम अजून शून्यावरच अडकलेत. त्यांना म्हटलं, आधी चालवायला शिका राव."

मुक्ता हसली. अहवाल आणायला ती आत डॉ. उपाध्ये यांच्याकडे गेली, तर किंमत चक्क पाचव्या हिश्शानं उतरवलेली.

"कशापायी, मॅडम?"

"हस्तांक सात आहे."

"मग वाढायला हवी ना?"

डॉ. उपाध्ये धातुशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी चष्मा काढला. "स्टिअरिंगच्या दांड्याला पोलादी छऱ्यांचं बेअरिंग असतं. हात थरथरला की छरेही थरथरतात आणि खाचेत ओरखडे उठतात, केसाच्या हजाराव्या भागाइतके बारीक. रस्त्याचा धक्का कसाही, कधीही बसतो. पण सेकंदाला पाच वेळा, वर्षानुवर्षं, एकाच तालात उठलेले ओरखडे रस्त्याचे नसतात. ते हाताचे असतात. लेझरनं ते मोजले की हस्तांक निघतो. सात म्हणजे दांडा लवकर बदलावा लागणार."

"पण हात असा कशानं थरथरतो?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "कंपवातानं. डॉक्टरला दिसायच्या कितीतरी आधी तो पोलादाला कळतो."

काचेपलीकडे सर कप दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते.

"त्यांना ठाऊक नाही," मुक्ता म्हणाली.

"नसेल."

"औषध निघालंय ना त्यावर? वेळेत घेतलं तर दुखणं आहे तिथंच थांबतं म्हणतात."

"हस्तांक चार व्हायच्या आत घेतलं तर. पुढे उपयोग नाही. आता सांगून काय साधणार, ताई? त्यांची झोप तेवढी जाईल. शिवाय आमचा परवाना गाडीबद्दल बोलायचा आहे. मालकाच्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढलं तर तो रद्द होतो. माणसाचा खासगीपणा जपायलाच तो नियम केलाय."

मुक्ता मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. राग आला की तिचा आवाज आणखी खाली जाई. आता तो इतका खाली गेला की डॉ. उपाध्येंना पुढे वाकावं लागलं.

"खासगीपणा? मी कोण कुठली, त्यांचं दुखणं मला सांगून तुम्ही भाव पाडताय. दलाल हा कागद वाचतो, विमेवाला वाचतो. ज्याचा हात आहे, तोच तेवढा परका? दांडा झिजला म्हणून तुमचा जीव तुटतो, आणि माणूस डोळ्यांदेखत झिजतोय तर त्याला नियम आडवा येतो? दर सहा महिन्यांनी! हे पाप कुठं फेडाल?"

"माझ्या एकटीच्या हातात—"

"तोंड तर तुमचं एकटीचंच आहे ना?"

अहवाल घेऊन ती बाहेर आली. सर उत्सुकतेनं उठले. न सांगता गाडी घ्यावी आणि निघावं, असा भेकड विचार तिच्याही मनात येऊन गेला. त्याचाच तिला जास्त राग आला. ती त्यांच्या शेजारी बसली.

"सर, हे मार्क नव्हेत."

तिनं एकेक वाक्य करून सगळं सांगितलं. मध्येच न तोडता विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं, तसं सरांनी ते ऐकून घेतलं.

"शेवटच्या वर्षी फळ्यावरचं माझं अक्षर बारीक झालं होतं," ते म्हणाले. "पोरं ओरडायची, सर, मोठं काढा. मला वाटायचं, मोबाइलनं पोरांचेच डोळे गेलेत."

त्यांनी फाइल उघडली आणि एका पानावर बोट ठेवलं. आता मुक्तालाही दिसलं. बोट त्या आकड्यावर स्थिर राहत नव्हतं.

"तीन. म्हणजे तेव्हा वेळ होती."

डॉ. उपाध्ये दारात येऊन उभ्या होत्या. सर उठले. इतकी वर्षं वर्गात घुमलेला आवाज त्यांनी चढवला नाही.

"मॅडम, त्या दिवशी मी पेढे आणले होते. दोनाचा तीन झाला म्हणून. सगळ्या केंद्राला वाटले. तुम्ही तुमचा अर्धाच मोडून घेतलात. मी आग्रह केला, तर म्हणालात, 'नको सर, गोड कमी केलंय. आपल्या तब्येतीची काळजी आपणच वेळेवर घ्यायला हवी.'"