आवाज नसलेली भिंगरी

भिंगरीच्या डोळ्यांतले दिवे लागले, विझले, पुन्हा लागले आणि पुन्हा विझले. तन्मयीने तिची कळ पुन्हा दाबून पाहिली.

चंद्रावरच्या वस्तीतलं हरितगृह भिंगरी नावाची रोबो सांभाळत असे. छताच्या झडपा फक्त तिचाच इशारा ऐकत. आता तर सूर्य मावळायला आला होता. चंद्रावरची रात्र दोन आठवड्यांची आणि थंडी भयंकर. झडपा मिटल्या नाहीत, तर एकही रोप वाचणार नव्हतं.

"आत्या, वीज तर आहे! मग ही जागी का होत नाही?"

शाल्मलीआत्या वस्तीतली संगणकशास्त्रज्ञ. ती म्हणाली, "जागं कसं व्हायचं, याच्या सूचना डिस्कवर (माहिती कायमची साठवण्याच्या जागेत) असतात. त्या वाचूनच कार्यप्रणाली (सगळे भाग चालवणारा मुख्य प्रोग्रॅम) सुरू होते. काल तिच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा भरताना मध्येच वीज गेली आणि त्या सूचनाच बिघडल्या. दुरुस्ती विभाग म्हणतोय, सगळं पुसा आणि नव्याने भरा."

"पुसा? म्हणजे ती मला विसरणार?" तन्मयीने भिंगरीचा हात घट्ट धरला.

"आधी हे करून बघू." आत्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "यात एक छोटी कार्यप्रणाली आहे. हत्यारांची पेटी घेऊन आलेल्या मेकॅनिकसारखी. ती डिस्कवर राहत नाही. तात्पुरत्या स्मृतीत (वीज गेली की रिकाम्या होणाऱ्या जागेत) बसते आणि तिथूनच डिस्क दुरुस्त करते."

पेनड्राइव्ह लावला. भिंगरीच्या छातीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : डिस्क सापडली नाही.

"गेली! सगळं पुसलं गेलं!" तन्मयी किंचाळलीच.

"अगं, दिसत नाही म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे? भिंगरीची डिस्क नव्या प्रकारची आहे. तिच्याशी बोलायचं कसं, हे शिकवणारा चालक (एक लहानसा प्रोग्रॅम) या प्रणालीत नाही. आपण तो घालू."

आत्याने ती छोटी प्रणाली आपल्या संगणकावर उघडली आणि चालक आत घातला. लगेच सूचना आली : जागा अपुरी. भिंगरीची तात्पुरती स्मृती मुळात लहानच होती.

"काहीतरी काढावं लागेल. तूच सांग, डिस्क दुरुस्त करायला काय लागत नाही?"

तन्मयीने त्या छोट्या प्रणालीतल्या भागांची यादी पाहिली. चेहरे ओळखणं, गाणी, आवाज. "आवाजसुद्धा?" तिने विचारलं. आत्याने होकारार्थी मान डोलावली. तन्मयीने ओठ घट्ट मिटले आणि तिन्ही गोष्टी काढून टाकल्या.

आत्याने पेनड्राइव्ह पुन्हा भिंगरीला लावला. या वेळी डोळ्यांतले दिवे विझले नाहीत.

"भिंगरी!" तन्मयी धावली. पण भिंगरीने भिंतीकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. ना हाक, ना हसू. तन्मयी दचकून मागे सरली. रोज तिची वेणी घालणारे ते हात निर्जीव लोंबकळत होते.

"घाबरू नकोस," आत्या हळूच म्हणाली. "ही आपली भिंगरी नव्हेच. ती डिस्कवर झोपली आहे. आत्ता जागी आहे ती फक्त तिला उठवायला आलेली छोटी प्रणाली."

पडद्यावर अक्षरं आली : डिस्क सापडली. सूचना दुरुस्त केल्या. आत्याने पेनड्राइव्ह काढला आणि भिंगरीला बंद करून पुन्हा सुरू केलं.

क्षणभर सगळं शांत. मग छतावर करकर आवाज झाला आणि झडपा एकेक करून मिटू लागल्या.

"तन्मयी, रडतेस का गं?" भिंगरीने विचारलं.

"मघाशी तू मला ओळखलंच नाहीस!"

"मघाशी? मला तर काहीच आठवत नाही."

तन्मयी थक्क होऊन आत्याकडे वळली. "मग ती छोटी प्रणाली? ती कुठे गेली?"

"वीज बंद झाली तेव्हाच गेली. तात्पुरती स्मृती रिकामी झाली ना! पण पेनड्राइव्हमध्ये ती आहेच. हाक मारली की पुन्हा येईल."

तन्मयीने डोळे पुसले. मग खुर्ची ओढून आत्याच्या संगणकासमोर बसली.

"पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची डिस्क कुठल्या प्रकारची आहे गं? ते बिघडायच्या आधीच त्याच्यासाठीही अशीच एक छोटी प्रणाली बनवून ठेवू. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवणार."