गोल कंस, चौकोनी कंस

आदिलाबादच्या वाचनालयात वीज गेली, आणि उजेडासाठी मी आणि एक अनोळखी तरुण एकाच खिडकीशी आलो. बाहेर धुकं, अंगात हुडहुडी. मी लॅम्ब्डा कॅल्क्युलसची, म्हणजे फंक्शनच्या गणिताची, उदाहरणं सोडवत होते.

"उलटं लिवून राह्यल्या तुमी," तो म्हणाला. "आधी फंक्शन लिवतेत, मंग त्याले द्यायची वस्तू."

अस्सा राग आला! "जिनिंग मिलवर आधी काय येते, मशीन का कापूस? ही डी ब्रॉइन नावाच्या गणितज्ञाची पद्धत हाय. वस्तू आधी."

तो हसला. प्रितम... कॉलेजात तात्पुरता शिकवणारा. मग रोज तीच खिडकी. मी शिकवायचे—द्यायची वस्तू गोल कंसात, ती घेणारं नाव चौकोनी कंसात, रेल्वेच्या डब्यांसारखे ओळीनं. प्रत्येक गोलाला आपला चौकोन.

"मधात दुसरी जोडी आली तं?"

"येऊ दे ना. जोडी तुटत नाई."

त्यानं असं पाहिलं, की माझे कानच तापले.

"आन् ज्याले जोडीदारच नाई?"

"त्याले बॅचलर म्हणतेत. खरंच! पुस्तकात हाय तसं."

"घ्या! म्हंजे आमी पुस्तकातबी आलो."

बाई गं, किती हसलो आम्ही! पहिल्यांदाच इतकं.

मग नांदेडचं स्थळ आलं. रविवारी बाबा शब्द देणार होते.

"प्रितम, आमच्या घरी तामसीले येऊन बाबाशी बोल."

"पक्की नोकरी लागू दे, दीक्षा... मंग येतो. रिकाम्या हातानं कसा येऊ?"

"नोकरी कोणं मांगितली? मले तू पायजे! बाबा नाई म्हणले तं मी भांडीन. तू दारात तं ये!"

तो बुटानं माती उकरत राहिला.

रविवारी दुपारपर्यंत मी दाराकडेच बघत होते. येणाऱ्या प्रत्येक बसला जीव खालीवर. शेवटी बाबांनी विचारलं, "सांगू का नांदेडवाल्याईले, हो म्हणून?" मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तिन्हीसांजेला फोन वाजला.

"दीक्षा... बसस्टँडवर हाय मी. तामसीची बस लागली. चढू का?"

"बाबानं शब्द देला, प्रितम."

त्याच्या मागून कंडक्टर ओरडत होता—तामसी, तामसी! चढ रे, मी मनात म्हणत होते, मला न विचारता चढ, बाबांचे पाय मी धरीन...

बस सुटल्याचा आवाज आला. तो आवाज दूर गेला, अगदी विरला.

आणि फोनवर त्याचा श्वास मात्र तसाच, स्पष्ट ऐकू येत राहिला.