एकोणीस मिनिटं

बुडी मारायचा रबरी सूट उलटा घालून तो धक्क्याच्या पायऱ्या उतरत होता. चेन छातीवर, गळा पाठीवर, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की जणू अख्खा पॅसिफिक याचीच वाट बघत थांबलाय. जाळी दुरुस्त करत बसलेल्या कोळ्यांनी एकमेकांना कोपरं मारली. रोमिनाने हसू ओठांत दाबून पाहिलं... पण ते काही दबेना.

"चेन मागे असते," ती म्हणाली.

"मग लावायची कशी?"

"दुसऱ्याने लावायची. म्हणून तर एकट्याने पाण्यात जायचं नसतं."

त्याचं नाव अनिबाल. वर डोंगरात, लॉस आंदेसला त्याची बेकरी होती. वर्षभर भट्टीसमोर भाजून निघणाऱ्या या गृहस्थाला म्हणे थंड समुद्र आतून बघायचा होता. एल सार्गोच्या किनाऱ्यावर पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकवणारी रोमिना एकटीच. चार शनिवार शिकायचं आणि त्यात निदान एक बुडी सलग वीस मिनिटांची झाली, तरच प्रमाणपत्र मिळायचं. तो उलटा सूट सोलून सुलटा चढवेपर्यंत दोघांची हसून पुरेवाट झाली.

पाण्यात उतरण्याआधी तिने किटलीतलं कोमट पाणी त्याच्या सुटाच्या गळ्यातून आत ओतलं. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; त्या पाण्यात एवढी ऊब नेली नाही तर माणूस दाराशीच गारठतो.

"आणि तुमच्या गळ्यात कोण ओततं?" त्याने विचारलं.

"मला लागत नाही."

लागत नव्हतं असं नाही. पण तिचे बाबा, अख्ख्या धक्क्याचे ओर्लांदोकाका, चाळीस वर्षं समुद्राच्या तळातून शिंपले काढत आलेले. त्या घरात थंडीचं नाव काढायची सोयच नव्हती. चांगले सूट शिकायला येणाऱ्यांना द्यायचे आणि उरलेला, झिजून जुन्या चादरीसारखा पातळ झालेला, तिने घालायचा.

मग तिने त्याला खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं, की सगळं ठीक. अंगठा वर, म्हणजे चल वर. "कुणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी," ती बजावून म्हणाली. "दुसऱ्याने निमूट वर यायचं. आणि का, ते विचारायचं नाही. कधीच नाही."

पहिला शनिवार पायऱ्यांपाशीच, कमरेएवढ्या पाण्यात गेला. दुसऱ्या शनिवारी तो फडक्यात बांधलेला पाव आणि एक भलामोठा थर्मास घेऊन आला. तिने त्याच्यासाठी किटली उचलली, तर हा थर्मास उघडून तिच्यामागे उभा.

"मान खाली घाल," तो म्हणाला.

मानेपासून कमरेपर्यंत ऊब ओघळत गेली. त्याने 'तुम्ही'चं 'तू' केलेलं तिच्या ध्यानात आलं होतं... पण दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

किनाऱ्यावर दाट धुकं होतं, पाण्याखाली ते नव्हतं. झाडांहून उंच समुद्रगवत हळूहळू डुलत होतं. त्या गवतापलीकडे एक खडक होता, वरपासून खालपर्यंत गुलाबी समुद्रफुलांनी भरलेला. तो रोमिनाचा खडक. तिने तो आजवर फार थोड्यांना दाखवला होता, आणि याला दाखवायचा असं आठवडाभर मनात घोळवत होती. गवताच्या कडेशी थांबून तिने बोटांचं कडं करून विचारलं, ठीक? अनिबालने तिच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. आणि अंगठा वर केला.

अकरा मिनिटं झाली होती. नियम म्हणजे नियम; ती निमूट वर आली.

तिसऱ्या शनिवारी तेरा मिनिटं. तीच गवताची कड, तोच अंगठा. धक्क्यावर आता त्याला चिडवायला ऊत आला होता. पाव फुगला रे फुगला, वर आला, असं कोळी म्हणायचे आणि तो त्यांनाच पाव वाटायचा. रोमिनाही एकदा हसली, पण घरी गेल्यावर तिला त्या हसण्याची लाज वाटली. सोमवारपासून शनिवारची वाट बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. चौथ्या शनिवारनंतर त्याने एल सार्गोला यायचं काही कारणच उरणार नव्हतं, आणि ती वीस मिनिटं झाली नाहीत तर तो हात हलवत परत जाणार होता.

चौथ्या शनिवारी चौदाव्या मिनिटाला अंगठा वर आला. किनाऱ्यावर पोचताच तिचा तोल सुटला आणि तिने स्वतःचाच नियम मोडला.

"का? काय आहे काय त्या गवतात?" तिचे दात वाजत होते. "का माझ्याबरोबर वीस मिनिटंही काढवत नाहीत तुला?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. अनिबालचा चेहरा उतरला.

"विचारायचं नाही, असं तूच सांगितलंस," एवढंच म्हणून त्याने बाकावर बसून वहीत काहीतरी खरडलं आणि तो सूट धुवायला नळाकडे गेला.

बाकावर त्याची वही पडली होती. बुडी किती खोल, किती वेळ, काय पाहिलं, हे शिकणाऱ्याने लिहायचं आणि शेवटी तिने सही करायची. ती एरवी न वाचताच सही ठोकायची. आज रागाने वाचायला घेतली.

'दुसरी बुडी. अकरा मिनिटं. तिच्या बोटांचं कडं जुळत नव्हतं. वर आलो.'

'तिसरी. तेरा मिनिटं. तिचा हात थरथरतोय आणि तिला कळतही नाहीये. वर आलो. नंतर ती मला हसली. बरं वाटलं, म्हणजे ऊब आली असावी.'

'चौथी. चौदा मिनिटं. आता ती मला भित्रा समजते. समजू दे.'

चौथ्या बुडीची ओळ अजून ओलीच होती. शाई बोटाला लागली. रोमिनाला रडू आलं. आजवर तिने कितीजणांच्या गळ्यात ऊब ओतली होती, पण तिला थंडी वाजते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या माणसाबद्दल तिचं मन इतकं भरून आलं की नळापर्यंतची वीस पावलं तिला लांब वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांसमोर? आणि सांगितलं असतं तर वर आली असतीस?"

"...नाही."

"मग?"

त्याने तिचे निळसर पडलेले हात आपल्या हातांत घेतले. रोज पहाटे पीठ मळणारे ते हात होते. तिने ते सोडवून घेतले नाहीत.

ओर्लांदोकाका बाकाशी उभे होते. वही त्यांनीही वाचली होती. ते लेकीजवळ आले, तिच्या सुटाची बाही चिमटीत धरून बघितली.

"चाळीस वर्षं मला थंडी वाजायची, पोरी," ते म्हणाले. "कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सोमवारी नव्या सुटाचं माप द्यायला जाऊ." मग अनिबालकडे वळून त्यांनी, वीस मिनिटं होईपर्यंत येत राहा आणि पुढच्या वेळी दोन पाव जास्त आण, असं फर्मावलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नवा सूट आला, चांगला जाडजूड. अनिबालने तिच्या गळ्यात थर्मास ओतला, तिने त्याच्या गळ्यात किटली. दोघं गवत ओलांडून पलीकडे गेले. गुलाबी खडकासमोर अनिबाल लोंबकळल्यासारखा स्थिर राहिला. रोमिनाने बोटांचं कडं केलं. या वेळी ते नीट जुळलं होतं. तो डोळ्यांनीच हसला... आणि तिने, जन्मात पहिल्यांदा, अंगठा वर केला.

वर येताच त्याने घाबरून तिचा हात धरला, बोटं चाचपली. पण नियम पाळून विचारलं काहीच नाही.

"विचार की," ती म्हणाली.

"का?"

"थंडी नाही वाजत. तुझे आभार मानायचे होते. आणि... तू मला आवडतोस, हेही सांगायचं होतं. पाण्याखाली बोलता येत नाही ना."

अनिबाल लाटेवर वरखाली होत हसला. मग त्याची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली.

"एकोणीस मिनिटं. अगं, अजून एक मिनिट थांबली असतीस तर पास झालो असतो मी."

"ठाऊक आहे," रोमिना म्हणाली. "म्हणूनच नाही थांबले. पुढच्या शनिवारी परत यावं लागेल तुला."