काचेमागची ओ

मी आयुष्यात कशाला घाबरलेलो नाही. म्हणजे पालीला घाबरतो, मोठ्या साहेबांना घाबरतो, आणि घरच्या मंडळींचं तर विचारूच नका. पण भुताबितांना नाही. निदान त्या दुपारपर्यंत तरी नाही. जरा जवळ सरका, मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही ही.

सरकारी प्रयोगशाळेत शिपाई होतो. शिक्षण सातवी, तीही दोनदा. पकडलेली नशेची पावडर आमच्याकडे तपासायला यायची. हल्लीची ही पावडर कारखान्यात बनते. मिठाच्या चार कणांएवढी आत गेली, तरी माणूस श्वास घ्यायचाच विसरतो. बनवणारे महाबिलंदर. कायद्याच्या यादीत एक पावडर चढली, की तिच्या रचनेचं शेपूट बदलून दुसरी आणायचे. शेवटी कायद्यालाही अक्कल आली: शेपूट कुठलंही असो, धड तेच असेल तर गुन्हा. पण धड तेच आहे, हे आमच्या बाईंनी लिहून द्यायचं.

बाई म्हणजे तपासनीस. वयानं माझ्या मुलीएवढ्या, धाकानं माझ्या आईएवढ्या. त्या काचेच्या खोलीत पुडी उघडणार, मी बाहेर नाकात मारायचा, उताऱ्याच्या औषधाचा फवारा घेऊन बसणार. दर मिनिटाला मी हाक मारायची, त्यांनी "आहे" म्हणायचं. एकदा गंमत म्हणून मी हाकच मारली नाही. बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या सकाळी एक आई येऊन गेली. तिचा मुलगा त्या दिवशी तपासायच्या पुडीतल्याच पावडरीनं गेला होता, बंद खोलीत, एकटा.

"आज अहवाल गेला नाही तर विकणारा सुटेल म्हणतात," ती म्हणाली. मग हळूच, "त्याला हाक मारायला कुणी नव्हतं हो..."

मी तिला दारापर्यंत सोडून आलो.

दुपारी बाई आत गेल्या. मी काचेकडे पाठ करून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलो. पाठ करायची नसते. मी केली.

"बाई?"

"आहे."

तिसऱ्या हाकेनंतर आतला हवा ओढणारा पंखा थांबला. वीज अशीच जायची, मी मान वर केली नाही. शांतता मात्र कानात दडे बसावेत तशी. वास कसलाच नाही. त्या पावडरीला वासच नसतो.

"बाई?"

"आहे..." आवाज जरा बसलेला, एखाद्या पोरासारखा घोगरा. म्हटलं, सर्दी.

"बाई?"

"आहे... पण काका, बघा ना इकडे."

म्हटलं, जुना हिशोब चुकता करतायत. हसत वळलो. बाई जमिनीवर. मास्क घसरून गळ्यात, ओठ निळे.

मास्क चढवून कसा धावलो ते माझं मला माहीत. एक फवारा. काही नाही. दुसरा. मग त्यांची छाती एकदाची हलली, आणि मी म्हातारा रडलो.

शुद्धीवर येताच त्यांनी स्ट्रेचरवरूनच सहकाऱ्याला तपासणीच्या यंत्रातले आकडे वाचायला लावले; नमुना त्यांनी पडण्याआधीच त्यात घातला होता. अहवाल वेळेत गेला. विकणारा आतच राहिला.

दोन दिवसांनी दवाखान्यात भेटायला गेलो. तोंड गप्प बसेल तर ते माझं कसलं.

"मानलं बाई तुम्हाला. जमिनीवर पडूनसुद्धा हाकेला ओ देत होतात."

बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पंखा थांबला आणि मी लगेच पडले, काका. श्वासच नव्हता माझ्यात... ओ कशानं देणार?"