बाजूच्या खोलीतली

ताईला यातलं काही विचारू नका. ती सांगणार नाही, आणि मी सांगितलं हे कळलं तर माझी खैर नाही. भाची असली तरी मामाला ऐकवायला ती कमी करत नाही. तेव्हा दार लोटून घ्या आणि गुपचूप ऐका.

ताई तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्ट्या लागून दुसरा आठवडा चाललेला, शनिवार. संध्याकाळी ती नेहमीसारखी झारी घेऊन रोपांना पाणी घालायला निघाली. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी प्रयोगासाठी टोमॅटोची रोपं लावली होती, आणि सुट्टीत त्यांच्याकडे बघायला कुणीतरी हवं होतं. सर म्हणाले, तुझ्याइतकं जबाबदार दुसरं कोण आहे? एवढ्यावर ही फुगली आणि हो म्हणून बसली. सर स्वतः बायकामुलांना घेऊन गावाला गेले. मैत्रिणी गेल्या. खानावळ बंद झाली. अख्ख्या वसतिगृहात ही एकटी, आणि लांब फाटकाशी एक म्हातारा पहारेकरी, त्याला धड ऐकूही येत नाही.

पहिले काही दिवस मजा वाटली. मग चिडचिड सुरू झाली. पावाला काहीतरी लावून खायचं, तेही उभ्या उभ्या. फोन उघडला की मैत्रिणींचे घरचे फोटो; कुणी आईच्या गळ्यात पडलेली, कुणी आजीच्या मांडीवर. शेवटी ही रोपांवर ओरडायला लागली. तुमच्या पायी अडकलेय इथे, असं टोमॅटोला ऐकवायची. हसू नका. दिवस दिवस कुणाशी बोलला नाहीत तर तुम्हीही बोलाल.

त्यात तुमची आत्या, म्हणजे ताईची आई. तिचे नेम तुम्हाला माहीत आहेत. त्या सुट्टीत तिने नवीनच धरला: लेकीचा फोन आल्याशिवाय रात्री घास तोंडात घालायचा नाही. तिला साखरेचा आजार. गोळी घेऊन जेवण टळलं की भोवळ येते. एकदा अशीच स्वयंपाकघरात पडली होती, शेजारीण आली म्हणून वाचली. ताई वैतागायची. देवाशी काय ते तुझं तू ठरव ना, मला कशाला त्यात बांधतेस, म्हणायची. आत्या शांतपणे सांगायची, “देवालाच बांधलंय गं. फोन फक्त तुझा आहे.”

वर रोज एकच पालुपद, एकटी कशी राहतेस, मीच येते तिकडे. शेवटी कंटाळून ताईने थाप मारली. एकटी कुठे, बाजूच्या खोलीतली थांबलीय ना.

बाजूच्या खोलीला सुट्टी लागल्यापासून बाहेरून कुलूप होतं.

आत्याचा जीव भांड्यात पडला. पण मग रोज त्या पोरीची चौकशी. जेवली का ती? घरी का नाही गेली? पांघरूण आहे ना तिला? ताई काहीबाही ठोकून द्यायची. बोलायला दे म्हटलं की, ती लाजते. आत्या म्हणाली, असू दे, मी आता दोघींसाठी हात जोडते.

तर त्या शनिवारी ताई पाणी घालून परत आली तेव्हा दिवे गेलेले. फोन दुपारपासूनच धापा टाकत होता, तो बंद पडला. येतील दिवे म्हणून ती आडवी झाली आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा मिट्ट काळोख. आत्याची जेवायची वेळ कधीच टळून गेली होती.

भिंत चाचपडत ती जिना उतरली. खालच्या जाळीच्या दाराला पहारेकऱ्याने रोजच्यासारखं बाहेरून कुलूप घातलेलं. तिने दार हलवलं, हाका मारल्या, लाथाही घातल्या. त्या म्हाताऱ्याला काय ऐकू जाणार? तिकडे आई गोळी घेऊन फोनकडे बघत बसलेली... रागाने रडली ती. सरांवर राग, रोपांवर राग, त्या नेमावर राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

घसा बसला, तशी वर आली. कडी लावली. जमिनीवरच भिंतीला पाठ टेकून बसली.

सगळं शांत.

मग... पलीकडे काहीतरी हललं. भिंतीला कपडा घासावा, तसं.

उंदीर असेल.

मग कुणीतरी खाली बसलं. अगदी पाठीला पाठ लावून.

ताईने श्वास धरला.

“हो काकू...”

हळू आवाज. मुलीचा. कानामागेच.

“नाही... झोपली नाही. रडतेय.”

मध्ये शांतता. कुणी ऐकून घेतंय, अशी.

“जेवा तुम्ही... मी आहे ना.”

ताईला सरकायचं होतं. पाठ निघेना.

“मी?... नाही... कुणी नाही...”

मग काहीच नाही.

ती तशीच बसली. उजाडेपर्यंत.

सकाळी दिवे आले, फोन सुरू झाला. आई, जेवलीस का, एवढंच तिने विचारलं. आत्या म्हणाली, जेवले की, तुझ्या मैत्रिणीने केला होता ना फोन, गुणाची पोर आहे. काय रे? नंबर? अरे, आत्याचा फोन बटणांचा. वाजला की ती उचलते, कोणाचा ते बघतेय कोण? तर ती पुढे म्हणाली, “येताना तिलाही घेऊन ये गं. मागच्या सुट्टीतही एकटीच होती म्हणाली. तिला कुणी फोनच करत नाही म्हणे.”

ताईने मला बोलावून घेतलं. दुपारी पोचलो. तिचं सामान बांधलं, रोपं पहारेकऱ्याच्या गळ्यात घातली, आणि बाजूची खोली उघडायला लावली. किल्ली रंगाऱ्याकडे होती, तो कुरकुरतच आला. वसतिगृह रिकामं झालं त्याच दिवशी ही खोली रंगवली, म्हणाला, आणि कुलूप घातलं ते आज काढतोय.

आत काही नव्हतं. खाट नाही, टेबल नाही. पांढऱ्याशुभ्र भिंती आणि रंगाचा वास.

फक्त ताईच्या खोलीकडच्या भिंतीवर एक डाग. जमिनीवर बसून डोकं टेकलं तर जिथे येईल, तिथेच. केसांच्या तेलाचा. वर्षानुवर्षं कुणी एकाच जागी टेकून बसावं, तसा.

ताई आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून हळूच म्हणाली, “येते गं.”

मी डागाला बोट लावलं.

तेल ओलं होतं...