सोनिवलीच्या मोटरवरचा फोन

ही गोष्ट पटली नाही तरी चालेल. ज्या संध्याच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मामेबहीण आहे, आणि खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. साल २००९, एप्रिल महिना. जागा सोनिवली, बदलापूरजवळचं गाव, उल्हास नदीच्या अगदी काठावरचं शेत.

रात्र नव्हती. जे झालं ते सगळं भर दुपारी झालं.

संध्या अंबरनाथला बुवापाड्यात राहायची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून उल्हासनगरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली होती. तिथे शेतीसाठी ऑटोमॅटिक बॉक्स बनवायचे. जमिनीत सेन्सर पुरायचे. माती सुकली की सेन्सर बॉक्सला कळवणार, बॉक्स नदीवरची मोटर चालू करणार, आणि ठिबकच्या नळ्यांतून रोपाला हवं तेवढंच पाणी मिळणार. बॉक्सच्या आत एक साधा मोबाइल बसवलेला असायचा. त्याच्यावरून रोज सकाळी शेतकऱ्याला मेसेज जायचा, कुठल्या तुकड्यात किती ओलावा. घरबसल्या फोन लावला की तो आपोआप उचलला जायचा, आणि मोटरचा आवाज कानात ऐकू यायचा. आवाज आला म्हणजे मोटर चालू.

तेव्हा आपल्याकडे हे सगळं नवीन होतं. लोक बघायला यायचे.

सोनिवलीचे जयदेव भोईर म्हणजे जुने शेतकरी. त्यांचा मुलगा कमलेश नाशिकला एका कृषी प्रदर्शनात हा बॉक्स बघून आला आणि बापाच्या मागे लागला. नदीकाठच्या जमिनीत भेंडी लावली होती. शेताचे चार तुकडे केले, प्रत्येकात एक सेन्सर. सगळं संध्याने स्वतः बसवलं. कमलेशची आई मोतीबाई तिला हौसेने जेवायला घालायची.

पहिले काही दिवस सगळं नीट चाललं.

मग चौथा सेन्सर बिघडला.

बाकी तिन्हींचे आकडे तीस-पस्तीसच्या आसपास. चौथ्याचा शंभर. शंभर म्हणजे सेन्सर पाण्यात बुडालेला. पाणी भरपूर आहे असं समजून बॉक्स त्या तुकड्याला पाणीच देईना. भेंडी माना टाकायला लागली.

संध्या गेली. चौथा तुकडा नदीच्या बाजूला, शेवटचा. खणून बघितलं तर माती कोरडी ठणठणीत. मुठीत धरली की भुगा.

तिने सेन्सर बदलला. शंभर.

तिसऱ्या तुकड्यातला चालू सेन्सर काढून तिथे लावला. शंभर. तोच परत तिसऱ्यात नेला, तर व्यवस्थित चालला.

"जागेचाच काहीतरी लफडा दिसतो, मॅडम," कमलेश म्हणाला.

"जागेला काय होणार? खाली क्षार असतील. वायर बदलते," संध्या म्हणाली. आमचे आजोबा धोंडिबा, छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेले. भूतखेत, अंगारे-धुपारे यांचं नावसुद्धा घरात निघायचं नाही. कारण सापडेपर्यंत शोधायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी तिने वर्कशॉपमधून बॉक्सला फोन लावला. मोटरचा घूं आवाज आला. ठीक.

ती फोन ठेवणार, एवढ्यात...

मोटरच्या मागे पाण्याचा आवाज आला.

ठिबकचा नाही. मोठं पाणी. पुरात नदी जशी घोंघावते तसं.

एप्रिलमध्ये.

तेवढ्यात सोनिवलीची लाइट गेली असावी. मोटर बंद पडली. बॉक्सला बॅटरी होती, म्हणून फोन चालू राहिला. मोटरचा आवाज थांबला...

पाण्याचा थांबला नाही.

आणि त्या पाण्यात कोणीतरी बाई बोलत होती. शब्द कळत नव्हते.

संध्याने कमलेशला फोन केला. "दुपारी मोटरजवळ कोण असतं? काकू गेल्या होत्या का?"

"आई? नाय. दुपारचा आमच्यात नदीवर कोणी जात नाय."

क्रॉस कनेक्शन असेल, तिने स्वतःला सांगितलं. तेव्हा व्हायचं तसं. तरी तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ती सोनिवलीला गेली आणि कमलेशला घेऊन थेट मोटरवर गेली.

काठावर पत्र्याची छोटी खोली, तिच्या भिंतीवर बॉक्स. खाली नदीचा डोह. बाकी नदी घोट्याएवढी, डोह तेवढा काळा आणि खोल. ऊन रणरणत होतं. पलीकडच्या काठावर बगळे बसले होते.

अलीकडच्या काठावर एकही नाही.

लाइट नव्हती, मोटर बंद होती. सगळं शांत. संध्याने बॉक्ससमोर उभं राहून आपल्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. बॉक्सने उचलला.

कानात... पूर.

तिने फोन कानापासून दूर केला. शांत. परत कानाला लावला. पूर.

तिने बॉक्सच्या अगदी जवळ जाऊन जोरात टाळी वाजवली. हातभर अंतरावरची टाळी, फोनमध्ये ऐकू यायलाच पाहिजे होती.

आली नाही.

परत वाजवली. नाही. फक्त पाणी.

आणि मग पाण्यातून, अगदी कानाशी तोंड लावल्यासारखी, एक बाई बोलली...

"कोन हाय गो?"

संध्याच्या हातातून मोबाइल पडला.

कमलेशने तो उचलून कानाला लावला. काही ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्याचा चेहरा उतरला. त्याने फोन कट केला आणि म्हणाला, "वर चला."

बांधावर आल्यावर त्याने सांगितलं. चार वर्षांपूर्वी, सव्वीस जुलैच्या पुरात त्याची धाकटी काकी राजाबाई इथूनच गेली होती. पाणी चढत होतं, मोटर वाहून जाईल म्हणून दोर बांधायला ती खाली उतरली. पट्टीची पोहणारी बाई. मूलबाळ नव्हतं, कमलेशला तिनेच खेळवलं होतं. तिचं प्रेतसुद्धा मिळालं नाही.

"आवाज तिचा होता?" संध्याने विचारलं.

कमलेशने मोबाइल तिच्या हातात परत दिला.

संध्याने बॉक्स उतरवला. बिघाड आहे, वर्कशॉपला नेऊन उघडते, तोपर्यंत मोटर हाताने चालवा, असं जयदेवकाकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. नदीकडे बघून ते एवढंच म्हणाले, "आसरांना नारळ द्यायचा राहिलाय." आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या जलदेवता.

वर्कशॉपमध्ये तिने बॉक्स उघडला. मालक श्यामकांत सर शेजारी बसले होते. आतला मोबाइल काढला, सिम काढलं, बॅटरी काढली. सगळं टेबलावर मांडलं. एक एक भाग तपासला. कशातच दोष नव्हता.

"माइकमध्ये वाऱ्याचा आवाज घुसतो गं," सर म्हणाले. "आणि एकदा मनात भरलं की माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं."

संध्याला ते पटलं. खरं म्हणजे तिला ते पटवूनच घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली होती. डबा उघडला आणि तिचा मोबाइल वाजला.

तिने स्क्रीनवर बघितलं...

'सोनिवली बॉक्स.'

तिने टेबलाकडे बघितलं. उघडा बॉक्स तिथेच. मोबाइल मागून मोकळा. बॅटरी बाजूला. सिम काडेपेटीवर ठेवलेलं.

फोन वाजत राहिला. तिने तो श्यामकांत सरांसमोर धरला. त्यांनी नाव वाचलं, टेबलावरच्या सिमकडे बघितलं, आणि हातातला घास खाली ठेवला.

"घेऊ नकोस," ते म्हणाले.

तिने घेतला.

तेच पाणी. पण या वेळी त्यात कोणीतरी गुदमरत होतं. पुरुष. नाकातोंडात पाणी जातं तेव्हा घशातून जो आवाज निघतो, तो.

आणि ती बाई. आता शब्द स्वच्छ कळत होते.

"सोर त्याला... सोर... पोऱ्या हाय आमचा... सोर..."

तिकडच्या बोलीत 'सोड'चं 'सोर' होतं, 'चढतं'चं 'चरतं'.

फोन कट झाला.

संध्याने भोईरांच्या घरी फोन लावला. मोतीबाईंनी उचलला.

"काकू, कमलेशदादा कुठे आहे?"

"मोटरवं गेलाय. पानी चरत नाय, फूटवाल साफ करतो बोलला. का गो?"

फूटवाल म्हणजे मोटरच्या पाइपचं पाण्यातलं तोंड. ते साफ करायला डोहात उतरावं लागतं.

"काकू, धावा. कोणाला तरी घेऊन धावा. आत्ता."

मोतीबाईंनी का म्हणून विचारलं नाही. रिसीव्हर नुसता खाली पडल्याचा आवाज आला, आणि त्यांची हाक, "आवो, पोऱ्या... पोऱ्या..." लांब लांब जात राहिली.

कमलेश वाचला. जयदेवकाका पोचले तेव्हा तो काठावर पालथा पडला होता, कमरेपासून खाली पाण्यात, आणि पाणी ओकत होता. दवाखान्यात दोन दिवस राहून घरी आला.

संध्या भेटायला गेली. तो खाटेवर पडून होता. डोळे खोल गेले होते.

"पाय अडकला होता का, दादा? दोरात, गाळात?"

"नाय अडकला." तो छताकडे बघत म्हणाला. "धरला होता. मंग सोडला."

तिने त्याला फोनचं काही सांगितलं नाही. मोतीबाईंना मात्र सांगायलाच हवं होतं. त्या तिला विचारत होत्या, तुला कसं कळलं म्हणून. पडवीत बसून संध्याने सगळं सांगितलं. मोठं पाणी, टाळी, 'कोन हाय गो', आणि शेवटचे शब्दसुद्धा.

मोतीबाई रडतील असं तिला वाटलं होतं. जावेने मरूनही आपलं पोर राखलं, याचं समाधान वाटेल असंही वाटलं होतं.

त्या रडल्या नाहीत.

"नक्की काय बोलली? परत सांग."

"सोर त्याला."

"सोर मला, नाय ना?"

"नाही काकू. 'त्याला'च."

मोतीबाईंनी पदराने ओठ पुसले. मग अगदी हळू आवाजात बोलल्या.

"पुराच्या दिवशी मी वर बांधावं होती. राजा खाली. पानी तिच्या गुडघ्यापर्यंत, जास्ती नाय. दोर बांधून झाला होता. वर यायला वलली... आन् थांबली. खाली पाण्यात बघून बोलली, सोर मला. दोनदा बोलली. चिडून बोलली, मस्करी करतो त्याला बोलतो ना आपन, तशी."

"कोणाला?"

"कोन नव्हता गो तिथं. मंग ती उभीच्या उभी खाली गेली. वाहून नाय गेली. खाली गेली. मी कोनाला सांगू? लोकांनी येडी ठरवली असती."

पुढे भोईरांनी मोटर पार वरच्या अंगाला हलवली, गावाच्या घाटाजवळ. ठिबक अजून चालू आहे, भेंडी होते, पण बॉक्स परत लावला नाही. डोहाकडचा चौथा तुकडा तेव्हापासून पडीक आहे. संध्याने ती नोकरी सोडली. आता ती अंबरनाथ पूर्वेला राहते, एका शाळेत शिकवते. हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी फार मागे लागलो म्हणून.

मी तिला म्हटलं, "म्हणजे राजाबाईनेच फोन केला. चांगलंच झालं की. तुला एवढी भीती कसली वाटते?"

"राजाबाईची नाही वाटत," ती म्हणाली.

मग तिने आपला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"ती बोलत होती तेव्हा मध्ये मध्ये थांबायची. आपण फोनवर समोरच्याचं ऐकायला थांबतो ना, तशी. मला त्या वेळी फक्त पाणीच ऐकू यायचं..." तिने माझ्याकडे बघितलं.

"पण तिला काहीतरी उत्तर मिळत होतं."